सहा मिनिटांत एक किलोमीटर

सध्या मोबाईलवर एक प्रेमकथा धो धो वाचली जाते. देश बदलतो, नावं बदलतात, कथा तीच. ती खेळाडू. बडबडी, अवखळ, गर्दीची लाडकी. तो तिचा बॉडीगार्ड. काळा सूट, कानात वायर, तोंडाला कुलूप. तिसऱ्या प्रकरणापर्यंत दोघांचं अजिबात पटत नाही. सातव्यात हॉटेलात एकच खोली शिल्लक असते.

जगातल्या यच्चयावत हॉटेलांचं बुकिंग नेमकं सातव्याच प्रकरणात कसं गंडतं, याची एकदा चौकशी व्हायला हवी.

विरुद्ध स्वभाव एकमेकांकडे ओढले जातात, हा या कथांचा पाया. चुंबकाच्या बाबतीत तो खरा आहे, शाळेत करून दाखवतात. माणसांच्या बाबतीत? एकदा स्थळं बघायला निघा. पहिला प्रश्न पत्रिकेचा, दुसरा पोटजातीचा, तिसरा जागा स्वतःची की भाड्याची. मुलगी ठाण्याच्या नौपाड्याची आणि मुलगा खाडीपलीकडे कळव्याचा, एवढ्या विरोधानेही मावशीचा चहा गार होतो.

तरी म्हटलं, ही कथा आमच्या ठाण्यातल्याच खोपटला आणून बघू.

खोपटला बॉडीगार्ड दिसतात का? दिसतात की. एसटी स्टँडावर नाही, तिथे प्रवासी स्वतःच्या बॅगेचा स्वतःच बॉडीगार्ड असतो. पण खोपटला एका मोठ्या पक्षाचं कार्यालय आहे. तिथे नेते येतात. नेत्यांच्या मागे सफारीवाले येतात. सफारीवाल्यांच्या मागे वाहतूककोंडी येते.

नेत्याला धोका नेमका कुणापासून? त्या कोंडीत अडकलेल्या एसटीतल्या प्रवाशांपासून असेल, तर बंदोबस्त कमीच आहे.

तर आपली नायिका धावपटू. पहाटे साडेपाचला सरावाला निघाली. नायक मागे. आता हा नायक कसा असावा, याचा आपल्याकडे कायदा आहे. खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा, २००५. त्याखालचे केंद्राचे नमुना नियम म्हणतात, उंची १६० सेंटिमीटर हवी. छाती ८०, फुगवून चार जास्त. तळवे सपाट नकोत. आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता आलं पाहिजे.

सहा मिनिटांत एक किलोमीटर!

ठाणे स्टेशनच्या पुलावरून गाडी सुटताना दिसली, की डब्याची पिशवी सांभाळत कुठलीही काकू याहून जोरात धावते. तिला कुणी परवाना दिलेला नाही.

उलट बाजूला साताऱ्यातल्या मोही गावची ललिता बाबर बघा. २०१६, रिओ ऑलिंपिक, ३००० मीटर स्टीपलचेस. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, मग अंतिम फेरी, तिथे दहावी. वाटेत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या. नियमाप्रमाणे धावणाऱ्या रक्षकाला तेवढ्याच अंतराला १८ मिनिटं लागतील. अडथळ्यांशिवाय. ती शर्यत संपवून बूट सोडत असेल तेव्हा हा निम्म्यावर पोचलेला असेल.

दुराव्याने प्रेम वाढतं म्हणतात. वाढेलही. संरक्षण कसं होणार?

रिक्षाने मागे जाईल म्हणता? खोपट नाक्यावर पहाटे साडेपाचला रिक्षावाल्याला सांगून बघा, 'त्या धावणाऱ्या मॅडमच्या मागे घ्या.' तो शांतपणे म्हणेल, 'तिकडे नाही जाणार.'

आणि प्रशिक्षण? वर्गात १०० तास, मैदानावर ६० तास, किमान २० दिवसांत विभागून. ब्युटीपार्लरचा कोर्स याहून लांब चालतो. अर्थात तिथे चूक झाली तर गिऱ्हाईक आरशात बघून लगेच सांगतं.

सिनेमाने या पेशाचं फार भलं केलं. १९९२ साली केव्हिन कॉस्टनरने व्हिटनी ह्यूस्टनला उचलून गर्दीतून बाहेर काढलं आणि जगभरातल्या बाउन्सरांना आपणही देखणे आहोत असं वाटू लागलं. २०११ मध्ये सलमान खान 'बॉडीगार्ड'मध्ये लव्हली सिंग झाला. ज्या मुलीच्या रक्षणाला नेमलेला, तीच त्याला नाव बदलून फोन करते, तो फोनवरच्या आवाजाच्या प्रेमात पडतो. आणि दिवसभर शेजारी ऐकू येणारा आवाज तोच आहे, हे त्याला कळत नाही.

या माणसाला तुम्ही सोसायटीच्या गेटवर तरी ठेवाल का?

खऱ्या जगात मोनॅकोच्या राजकन्येने, स्टेफनीने, आपल्या अंगरक्षकाशी खरोखर लग्न केलं. १९९५ साली. १९९६ साली घटस्फोट. कादंबरी लग्नाच्या पानावर का संपवतात, ते लक्षात आलं असेल.

बरं, खेळाडूला बॉडीगार्ड लागतोच कशाला, असं म्हणणाऱ्यांनी ३० एप्रिल १९९३ आठवावा. हॅम्बर्ग. मोनिका सेलेस, जगातली अव्वल टेनिसपटू, दोन गेमांच्या मधल्या विश्रांतीत खुर्चीवर बसलेली. स्टेफी ग्राफच्या एका वेड्या चाहत्याने मागून येऊन पाठीत सुरा मारला. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. म्हणजे तो घरी गेला. सेलेसला स्पर्धेत परतायला सव्वादोन वर्षं लागली.

तेव्हापासून टेनिसमध्ये खुर्चीमागे रक्षक उभे राहतात. सामन्याकडे पाठ, प्रेक्षकांकडे तोंड. हजारो डॉलरच्या तिकिटाचा सामना फुकटात न बघणारे जगातले एवढेच लोक.

पुढच्याच वर्षी उलटी गंगा. जानेवारी १९९४, डेट्रॉइट. फिगर स्केटर नॅन्सी केरिगनच्या पायावर एकाने दांडका हाणला. कट कुणी शिजवला? तिची प्रतिस्पर्धी टोन्या हार्डिंग हिचा माजी नवरा आणि हार्डिंगचाच बॉडीगार्ड शॉन एकार्ट. हो, बॉडीगार्डच. स्वतःच्या खेळाडूला जपायचं, तर समोरच्या खेळाडूचा पायच मोडावा, असा सरळ हिशेब. केरिगन त्यानंतरही ऑलिंपिकला गेली आणि रौप्य घेऊन आली. हार्डिंग आठवी.

खेळाच्या निकालावर बॉडीगार्डने पाडलेला एवढाच प्रभाव नोंदलेला आहे, आणि तोही फसलेला.

आता मुख्य मुद्दा. या कथांमध्ये खेळाडू आणि रक्षक ही दोन टोकं असतात. आपल्याकडे? आपल्याकडे तो एकच माणूस असतो. आधी हा, मग तो.

खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५५ साली कुठे? पोलिसात, फौजदार. देशाची मान उंचावून झाली, आता रस्त्यावरच्या माना धरा.

अविनाश साबळे, बीडच्या मांडव्याचा. आधी महार रेजिमेंटमध्ये शिपाई, सियाचीनला पहारा. मग स्टीपलचेस. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद, राष्ट्रीय विक्रम. म्हणजे अडथळ्यांसकट किलोमीटरला पावणेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. आणि हा खरोखरचा रक्षक, देशाच्या सीमेवरचा. याच्या मागे बॉडीगार्ड नेमायचा तर तो बीड जिल्ह्यातच शोधावा लागेल.

स्वप्निल कुसाळे, कोल्हापूरचा. पॅरिस ऑलिंपिकचं नेमबाजीतलं कांस्य. नोकरी? तेव्हा आपल्याच मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. ५० मीटरवरून नेम धरणारा माणूस. फर्स्ट क्लासच्या दारात विनातिकीट लटकणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यायला हवं होतं.

नरसिंग यादव तर पैलवानही आणि महाराष्ट्र पोलिसात उपअधीक्षकही. २०१६ मध्ये रिओच्या तोंडावर उत्तेजक चाचणीत अडकला. म्हणाला, माझ्या खाण्यात कुणीतरी कालवलं. उत्तेजकविरोधी संस्थेने, 'नाडा'ने, मानलं. क्रीडा लवादाने मानलं नाही, चार वर्षांची बंदी घातली, तीही लढतीच्या तोंडावर. खरं काय, ते त्या पातेल्याला माहीत. पण एवढं कळलं की आपल्या पैलवानाला बंदुकधारी नको असतो, स्वयंपाकघराच्या दाराशी एक खमकी आजी हवी असते.

ही झाली नावाजलेली मंडळी. बाकीच्यांचं काय होतं?

तालमीतला पोरगा पंचविशीपर्यंत महाराष्ट्र केसरीच्या चांदीच्या गदेची स्वप्नं बघतो. तिशीत कुणाच्या तरी फॉर्च्युनरच्या पुढच्या सीटवर बसतो. गदा वर्षाला एक. फॉर्च्युनर मोजायला वेळ लागेल.

कबड्डीवाल्यांचं तसंच. कालपर्यंत मंडळाचा डावा कोपरा सांभाळणारा आज टॉवरचा उजवा गेट सांभाळतो. काल चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा, आज डिलिव्हरीवाल्याचं नाव वहीत लिहून घेतो. बारा तास उभा. गुडघा तोच, मॅटवर गेलेला.

या मंडळींसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून कायदा आहे, आणि त्याखाली बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्याचं मिळून सुरक्षा रक्षक मंडळही आहे. मंडळाच्या रक्षकाला भविष्य निर्वाह निधी असतो, रजा असते, बोनस असतो. म्हणून खासगी टॉवरवाले खासगी एजन्सीकडे जातात.

नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहेच की, म्हणाल. आहे. आणि ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरणही आहे. ज्यांनी आयुष्यात पलंगावरच्या गादीपलीकडे कशावर उडी मारली नाही, ते कागदोपत्री ट्रॅम्पोलिनपटू निघाले. खरा खेळाडू गेटवर, खोटा खेळाडू ऑफिसात.

विरुद्ध टोकांचं आकर्षण हवंय ना? घ्या. दोघं रोज सकाळी भेटतात. खोटा गाडीतून उतरतो, खरा सलाम ठोकतो.

ठाण्यात राहून दहीहंडीचं नाव काढलं नाही तर नगरपालिका पाणी तोडेल. (महानगरपालिका. सवय जात नाही.) २०२२ साली सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला. १६ ऑगस्ट २०२५ ला वर्तकनगरच्या हंडीत जोगेश्वरीच्या कोकण नगर पथकाने दहा थर रचले. दहा! खालच्या थरातले खांदे बघा, खरे अंगरक्षक तेच. वरच्या नऊ थरांचा जीव त्यांच्या मानेवर, आणि टाळ्या सगळ्या वर.

आता नजर शेजारच्या स्टेजकडे वळवा. दहाव्या थरावरच्या पोराच्या कमरेला एक दोरी. चार फूट उंच स्टेजवरच्या साहेबांच्या मागे कार्बाईन घेतलेले चौघे.

पडून लागण्याची शक्यता कुणाची जास्त, हे गणित पोलीस आयुक्तालयात वेगळं शिकवत असावेत.

परदेशी पाहुणा आला तर विचारूच नका. मेस्सीचा अंगरक्षक यासीन शुको २०२३ मध्ये मैदानाच्या कडेने मेस्सीच्या बरोबरीने पळताना जगाने पाहिला. त्याला कौतुकाने दहापैकी दहा. पण डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी कोलकात्यात आला, तेव्हा त्याच्याभोवती पुढारी, पाहुणे आणि संरक्षणवाले यांचं एवढं कडं झालं की हजारो रुपये मोजलेल्या प्रेक्षकांना मेस्सीचा कानही दिसला नाही. तो थोड्याच वेळात गेला. मग खुर्च्या उडाल्या.

गर्दीपासून जपायला माणसं आणली. गर्दी त्यांचीच झाली.

आता थोडं न हसता.

भारतात खेळाडूला धोका बहुधा चाहत्यापासून नसतो. जानेवारी २०२३ मध्ये महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या. आरोप कुणावर? कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर, लैंगिक छळाचे. त्यांनी ते नाकारले, प्रकरण न्यायालयात गेलं. पण साधा गुन्हा नोंदवायला देखील मुलींना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. मग कुठे पोलीस संरक्षण.

आणि २८ मे २०२३ ला त्याच दिल्ली पोलिसांनी विनेश, साक्षी, बजरंग या कुस्तीगीरांना रस्त्यावरून उचलून बसमध्ये कोंबलं. उचललं, हे खरं. कॉस्टनरनेही उचललंच होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विनेशने जाहीर केलं की न्यायालयात साक्ष द्यायला जाणाऱ्या कुस्तीगीर मुलींचं संरक्षण काढून घेतलंय. पोलीस म्हणाले, गैरसमज. न्यायालयाने ताबडतोब संरक्षण द्यायला सांगितलं. साक्ष देण्याच्या आदल्या दिवशीच होणाऱ्या गैरसमजाला आपल्याकडे फार जुनी परंपरा आहे.

या गोष्टीत हॉटेलची खोली नाही, सातवं प्रकरण नाही. तिच्यावर कुणी मालिका काढत नाही. जिला रक्षक हवा आहे तिला तो न्यायालयातून आणावा लागतो, आणि ज्याला मिरवायला हवा आहे त्याला तो अर्ज केल्यावर मिळतो. या दोघांचं लग्न कुठला लेखक लावेल?

ऑक्टोबर २०२५. महिला क्रिकेटचा विश्वचषक भारतात. इंदूरला ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडू हॉटेलातून कॅफेकडे चालत निघाल्या. एका मोटरसायकलवाल्याने पाठलाग केला, एकीचा विनयभंग केला. पोलिसांनी पकडला, बरं केलं. तिथल्या एका मंत्र्यांनी मात्र खेळाडूंनाही धडा सांगितला: बाहेर पडताना कळवायला हवं होतं.

कॉफी प्यायला जाताना जिल्हा प्रशासनाला कळवायचं. जगज्जेत्या संघातली बाई. आमच्या सोसायटीचा रखवालदारही एवढं विचारत नाही.

दहा दिवसांनी अंतिम सामना नेरूळला. भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून चषक घेतला. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं, हे आम्हा ठाणेकरांना त्या रात्री एकदम आठवलं. इतर वेळी आम्ही त्यांना ऐरोलीच्या पलीकडचे म्हणतो.

त्या रात्री पोरी रस्त्यावर नाचल्या, आणि बंदोबस्ताच्या महिला पोलीस तोंड गंभीर ठेवून स्टेडियमबाहेर उभ्या होत्या. त्यांच्यात शाळेत असताना खो-खो खेळलेल्या किती असतील? विचारलं तर निम्म्या रांगेचा हात वर जाईल. सामना कुणी पाहिला विचारलं तर एकीचाही नाही.

राहता राहिला एक प्रश्न, जो या कादंबऱ्यांत कुणीच विचारत नाही. बॉडीगार्डचा पगार कोण देतं?

याचं उत्तर देणारी एक अस्सल प्रेमकथा आपल्या राज्यात घडली आहे. विरुद्ध टोकं म्हणाल तर अशी: एका बाजूला जगातलं सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ, दुसऱ्या बाजूला कर्ज काढून चालणारं राज्य सरकार. आयपीएलच्या सामन्यांना पोलीस बंदोबस्त लागतो. त्याचे पैसे आयोजकांनी द्यायचे असतात. मुंबईतल्या सामन्यांची थकबाकी कोट्यवधींवर गेली. पाणीपट्टी थकली तर तुमच्या-आमच्या नळाला पालिकेचा माणूस येतो. इथे २०२३ साली सरकारनेच बंदोबस्ताचा दर कमी केला.

कमी केला तो केला. लागू कधीपासून? २०११ पासून.

प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायमूर्तींनी सरकारला कारण विचारलं. न्यायमूर्तींचं चुकलंच. प्रेमाला कारण विचारतात का? बारा वर्षं मागे जाऊन, बरंचसं विसरून माफ करायचं. एवढं प्रेम कुणी कुणावर केलेलं तुमच्या ओळखीत आहे?

घरी विचारून बघा. बारा वर्षांपूर्वी विसरलेला एक वाढदिवस माफ होतोय का ते.